डुलत्या खुर्चीतला विद्यार्थी

१९१९ सालचा ऑगस्ट महिना. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लोवेल गावाजवळच्या एका शेतावरच्या घरात सतरा वर्षांचा मिल्टन एरिक्सन पोलिओने अंथरुणाला खिळला होता. शाळा नुकतीच संपली होती. पोलिओची लस यायला अजून छत्तीस वर्षे होती. तपासायला आलेल्या तीन डॉक्टरांनी शेजारच्या खोलीत त्याच्या आईला सांगितले, की मुलगा उद्याची सकाळ पाहणार नाही. मिल्टनच्या कानावर ते शब्द पडले. भीती वाटण्याऐवजी त्याला संताप आला. एखाद्या आईला असे तोंडावर सांगतात?

आई आत आली तेव्हा तिने चेहरा अगदी शांत ठेवला होता. मिल्टनने जड झालेल्या जिभेने तिला एक काम सांगितले. आरसा असलेले ते मोठे कपाट पलंगाच्या कडेला आण आणि जरा तिरपे ठेव. पोरगा वातात बरळतोय असे तिला वाटले, पण तिने कपाट सरकवले. तो सांगेल तसा कोन जुळवला. आता आरशातून दार दिसत होते, दारातून पलीकडची खोली आणि त्या खोलीच्या पश्चिमेकडच्या खिडकीतून मावळता सूर्य. मरायचेच असेल तर एक सूर्यास्त पाहून मरू, असे त्याने ठरवले होते. अर्धा सूर्यास्त त्याने पाहिला आणि त्याची शुद्ध हरपली. तीन दिवसांनी तो शुद्धीवर आला.

पुढे कित्येक वर्षांनी, स्वतः संमोहनोपचारक झाल्यावर, ही आठवण सांगताना त्याने एक बारीक तपशील नोंदवला. त्या खिडकीबाहेर एक झाड होते, कुंपण होते, एक मोठा धोंडा होता. त्या संध्याकाळी यातले काहीच त्याला दिसले नव्हते. लक्ष एका गोष्टीवर इतके एकवटले होते, की वाटेत येणारे सगळे मनाने पुसून टाकले होते. संमोहनाची अवस्था म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडे संमोहन म्हटले, की गणेशोत्सवाच्या मांडवातला प्रयोग आठवतो. प्रयोगकर्ता प्रेक्षकांतून चारपाच जणांना वर बोलावतो, डोळ्यांत डोळे घालून काहीतरी पुटपुटतो आणि शेजारचा मोहन कच्चा बटाटा सफरचंद समजून खाऊ लागतो. त्यामुळे सगळी शक्ती त्या नजरेत आहे, अशी समजूत घट्ट बसते. प्रत्यक्षात संमोहनात माणूस झोपलेला नसतो आणि बेशुद्धही नसतो. त्याचे लक्ष आत वळून एका जागी स्थिरावलेले असते, मनातला नेहमीचा वादविवाद मंदावलेला असतो आणि अशा वेळी मिळालेली सूचना शरीर आणि मन सहज स्वीकारते. ही क्षमता कमीअधिक प्रमाणात प्रत्येकाकडे असते. कुणाची फार, कुणाची बेताची.

मिल्टनकडे ही क्षमता बालपणापासून कामाला लागली होती, कारण दुसरा इलाज नव्हता. त्याचा जन्म ५ डिसेंबर १९०१ चा, नेवाडातल्या ऑरम नावाच्या चांदीच्या खाणीच्या वस्तीतला. घराच्या तीन भिंती लाकडी ओंडक्यांच्या आणि चौथी म्हणजे डोंगराचा कडा. चार वर्षांचा होईपर्यंत तो बोलला नाही. त्याला रंग नीट दिसत नसत, जांभळा तेवढा आवडीने ओळखता येई. गाण्यातले सूर कळत नसत. अक्षरांचा गोंधळ तर शाळेत पिच्छा सोडत नव्हता. शब्दकोशात शब्द वर्णक्रमाने लावलेले असतात, हेही त्याला बरीच वर्षे उमगले नाही. एखादा शब्द हवा असला, की तो पहिल्या पानापासून वाचत सुटायचा आणि शब्द सापडेपर्यंत थांबायचा नाही. शाळेतल्या मुलांनी त्याचे नावच ‘डिक्शनरी’ ठेवले. त्या खटाटोपात त्याने जमवलेला शब्दसाठा पुढे त्याच्या धंद्याचे मुख्य हत्यार ठरला.

पोलिओतून जीव वाचला, पण शरीर गेले. बुबुळे हलत, जेमतेम बोलता येई, बाकी सारे लुळे. घरच्यांनी त्याच्यासाठी एका डुलत्या खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून खाली भांडे ठेवायची सोय केली. एके दिवशी त्याला त्या खुर्चीत बांधून बसवून सगळे कामाला निघून गेले. खुर्ची खोलीच्या मधोमध होती आणि खिडकी लांब. बाहेरचे शेत दिसावे, खिडकीजवळ जाता यावे, अशी त्याला तीव्र इच्छा झाली. तो त्याच विचारात बुडाला आणि खुर्ची किंचित डुलू लागली.

खुर्ची आपोआप डुलत नाही. म्हणजे त्याच्याच शरीरातले कुठले तरी स्नायू हलले होते, आणि तेही त्याने हलवायचा आटापिटा केलेला नसताना. जाणीवपूर्वक जोर लावून जे होत नव्हते, ते नुसत्या उत्कट कल्पनेने किंचित का होईना झाले होते. कल्पनेतून उमटणाऱ्या अशा सूक्ष्म हालचालींचा अभ्यास मानसशास्त्रात आधीपासून होता, पण खेड्यातल्या या मुलाने ती गोष्ट कुठे वाचलेली नव्हती. त्याने ती स्वतःच्या अंगात पकडली.

मग तो पद्धतशीर कामाला लागला. हाताकडे तासन्‌तास पाहत राहायचे आणि आठवायचे, की गवत उचलायचा लोखंडी दाताळा धरताना बोटे दांड्याभोवती कशी वळत होती. आधी अंगठा की आधी तर्जनी? मनगट किती वाकत होते? आठवण पुरेशी स्पष्ट झाली, की एखादे बोट उडाल्यासारखे हलायचे. सुरुवातीला हालचाली वेड्यावाकड्या आल्या, हळूहळू त्यांना वळण लागले. चालायला शिकवणारा गुरू तर घरातच होता. धाकटी बहीण नुकती उभी राहायला शिकत होती. पाय किती फाकवायचे, भार एका पायावर कसा घ्यायचा, तोल जाताना गुडघे कसे वाकवायचे, हे सारे तो तिच्याकडे पाहून टिपत होता आणि मनातल्या मनात गिरवत होता. अकरा महिन्यांत तो कुबड्यांवर उभा राहिला.

याच काळात त्याने आणखी एक विद्या कमावली. हलता येत नसलेल्या माणसासमोर घरचे लोक मोकळेपणी वावरतात. मिल्टनला बहिणी पुष्कळ. त्या तोंडाने ‘हो’ म्हणत आणि मान, श्वास, आवाजाचा चढउतार मात्र ‘नाही’ सांगत असे. कोण कोठीकडून येतेय, कोणत्या मनःस्थितीत आहे, हे तो पावलांच्या आवाजावरून ओळखू लागला. सूर न कळणारा हा मुलगा बोलण्यातला श्वास मोजायला शिकला. पुढे रुग्ण खोलीत शिरून खुर्चीवर बसेपर्यंत एरिक्सन यांना त्याच्याबद्दल इतके कळायचे, की विद्यार्थी थक्क होत.

या गोष्टी बहुतेक त्यांच्याच तोंडून आलेल्या आहेत आणि ते रंगवून सांगण्यात पटाईत होते, हे वाचकाने लक्षात ठेवावे. आजार, पांगळेपण, पदव्या, नोकऱ्या यांच्या नोंदी मात्र पक्क्या आहेत.

१९२० मध्ये त्याने विस्कॉन्सिन विद्यापीठात नाव घातले. १९२२ च्या उन्हाळ्यात अशक्त पायांनिशी त्याने होडीचा प्रवास आखला. सोबत येणाऱ्या मित्राने ऐनवेळी माघार घेतली, तरी हा एकटाच निघाला. खिशात पाच डॉलरही नव्हते. होडी उचलून नेण्याची ताकद नव्हती. नदीवर धरण आले, की तो काठावर पुस्तक उघडून बसायचा. कुणीतरी कुतूहलाने चौकशी करायचा, गप्पा रंगायच्या आणि तो माणूस आपणहून होडी पलीकडे नेऊन द्यायचा. मदत मागायची नाही, समोरच्याला ती द्यावीशी वाटेल असे करायचे, हा त्याचा नियम होता. दहा आठवड्यांत सुमारे बाराशे मैल पार करून तो परतला, तेव्हा होडी खांद्यावर घेऊन चालू शकत होता. एक पाय जन्मभर लंगडा राहिला.

दुसऱ्याच वर्षी, १९२३ मध्ये, विद्यापीठात क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञाने संमोहनाचे प्रात्यक्षिक दाखवले. मिल्टनला त्यात आपली खुर्ची आणि आपला दाताळा दिसला. जी गोष्ट आपण एकट्याने अंधारात चाचपडत केली, तिचे शास्त्र आहे आणि ते शिकता येते, हे त्याला तेव्हा कळले. त्या उन्हाळ्यात जो भेटेल त्याच्यावर त्याने प्रयोग केले आणि शरद ऋतूत हल यांच्या अभ्यासवर्गात निष्कर्ष मांडले. तिथेच दोघांचे मतभेद झाले. हल यांचा कल प्रयोगशाळेच्या शिस्तीकडे होता. सर्वांना सारखीच ठरावीक सूचना द्यावी, म्हणजे परिणाम मोजता येतील. एरिक्सनचे म्हणणे असे, की सूचना देणाऱ्याच्या शब्दांपेक्षा ऐकणाऱ्याच्या मनात काय घडते ते महत्त्वाचे, आणि ते प्रत्येकाच्या बाबतीत निराळे असते.

हल प्रयोगशास्त्राचे मोठे नाव होते आणि मोजमापाचा त्यांचा आग्रह योग्यच होता. पण या मुद्द्यावर विद्यार्थ्याला जे दिसले ते गुरूला दिसले नाही. ज्याने स्वतःच्या लुळ्या हातात आठवणीच्या बळावर जीव आणला आहे, त्याला ती शक्ती बाहेरच्या कुणाच्या आवाजात आहे असे कधीच वाटणार नाही.

हेच सत्य त्याच्याही सुमारे शंभर वर्षे आधी एका गोमंतकीयाने पॅरिसमध्ये ठणकावून सांगितले होते, आणि त्याच्याही मुळाशी स्वतःची कुचंबणा होती. जोझे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म १७५६ चा, बार्देसमधल्या कांदोळीचा. आईवडील विभक्त झाले. वडील पाद्री झाले, आई जुन्या गोव्याच्या मठात जोगीण झाली. १७७१ मध्ये वडिलांनी पंधरा वर्षांच्या मुलाला लिस्बनला नेले. पुढे रोममध्ये शिकून तोही धर्मगुरू झाला. राजघराण्यासमोर प्रवचनाला उभा राहिला असता त्याची बोबडी वळली, अशी हकिगत सांगतात. जवळच असलेल्या वडिलांनी हळूच कोंकणीत सांगितले, की ही समोरची सगळी भाजी आहे, काप भाजी. क्षणात भीती पळाली आणि तो अस्खलित बोलला. दोन शब्दांनी आपल्या आत काय उलथापालथ झाली, या प्रश्नाने त्यांना पुढे सूचनेच्या अभ्यासाकडे नेले, असे मानले जाते.

१८१३ मध्ये फारिया पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर प्रयोग दाखवू लागले. त्या वेळी मेस्मर नावाच्या वैद्याच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’चा बोलबाला होता. उपचारकाच्या देहातून एक अदृश्य प्रवाह रोग्यात शिरतो, अशी ती कल्पना. १७८४ मध्येच बेंजामिन फ्रँकलिन आणि लव्हॉझिए यांच्यासारख्यांच्या चौकशी समितीने असा प्रवाह नसल्याचा निर्वाळा दिला होता, तरी लोकांचा विश्वास ढळला नव्हता. फारियांनी हातवारे टाकून दिले. समोरच्याला आरामात बसवायचे, लक्ष एकाग्र करायला लावायचे आणि झोपण्याची आज्ञा द्यायची. हे ज्याच्यात घडते त्याच्याच मनामुळे घडते, माझ्याकडे कसलीही शक्ती नाही, असे ते सांगत. हे प्रामाणिकपण त्यांना महागात पडले. चुंबकत्ववाले आणि चर्च, दोघेही रुसले. एका नटाने झोपल्याचे सोंग करून त्यांची फजिती केली, रंगभूमीवर त्यांची टर उडवणारा प्रयोग लागला. १८१९ मध्ये, त्यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, ते हलाखीत वारले. फ्रान्समधल्या नान्सी येथील संमोहनाचे अभ्यासक बर्नहाइम यांनी पुढे त्यांचे ऋण मान्य केले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्यांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. तिथे फोटो काढणाऱ्या प्रत्येक मराठी पर्यटकाने हा इतिहास जाणून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

एरिक्सनकडे परत येऊ. त्याने आपल्या अनुभवाच्या भांडवलावर लगेच दुकान उघडले नाही. १९२८ मध्ये वैद्यकाची पदवी आणि मानसशास्त्राची एम. ए. एकाच वेळी मिळवली. नंतरची वीसएक वर्षे डॉ. एरिक्सन सरकारी मनोरुग्णालयांत राबले, आधी वुस्टर आणि मग मिशिगनमधील एलॉइज इथे. १९४८ मध्ये ते ॲरिझोनातल्या फिनिक्सला स्थायिक झाले. तिथे रुग्ण त्यांच्या राहत्या घरी येत आणि मुलाबाळांच्या वर्दळीत दिवाणखान्यात वाट पाहत बसत. १९५७ मध्ये त्यांनी अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल हिप्नॉसिस ही संस्था उभी केली आणि पुढे दहा वर्षे तिच्या नियतकालिकाचे संपादन केले.

पन्नाशी ओलांडताच दुखण्याने पुन्हा गाठले. १९५३ च्या सुमारास स्नायू झिजू लागले, असह्य कळा येऊ लागल्या. त्यांना तो दुसऱ्यांदा झालेला पोलिओ वाटला. आजचे डॉक्टर त्याला पोलिओचा उत्तरकालीन परिणाम म्हणतात. अखेरची वर्षे चाकांच्या खुर्चीत गेली. रोज सकाळी उठल्यावर बराच वेळ ते स्वसंमोहनाने वेदना आवाक्यात आणत आणि मग जांभळे कपडे घालून रुग्णांसमोर बसत.

त्यांचा १९६६ सालचा एक निबंध वेदनेवरच्या उपचारात फार गाजला. त्यात ज्यो नावाने उल्लेखलेला एक फुलविक्रेता आहे, मूळचा शेतकरी. चेहऱ्याच्या कर्करोगाने त्याला गाठलेले, शस्त्रक्रियेनंतर बोलणे बंद, कागदावर लिहून संवाद चालायचा. औषधांनी वेदना शमत नव्हत्या, उलट त्यांचाच त्रास होत होता. नातेवाइकांनी एरिक्सनना बोलावले खरे, पण ज्योला संमोहन या शब्दाचाही तिटकारा होता. एरिक्सननी तो शब्द उच्चारलाच नाही. ते टोमॅटोच्या रोपाबद्दल बोलत बसले. बी मातीत जाते, पाऊस पडतो, कोंब निघतो, रोप स्वस्थपणे वाढते, त्याला किती आराम वाटत असेल, ज्यो. बोलण्याच्या ओघात ‘आराम’, ‘स्वस्थ’, ‘शांत’ हे शब्द किंचित वेगळ्या सुरात येत राहिले. मातीत आयुष्य घालवलेल्या माणसाला ती भाषा आतपर्यंत पोहोचली. ज्योची वेदना कमी झाली, अंगात बळ आले, तो घरी गेला. कर्करोग बरा झाला नाही आणि काही महिन्यांनी त्याला मृत्यू आला, पण ते महिने त्याने सुसह्यपणे काढले. हे रोप त्या खोलीत कुठून आले, हे मला निबंध वाचताना स्पष्ट दिसते. शेतावर वाढलेला आणि रोज वेदनेशी झगडणारा माणूसच दुसऱ्या तशाच माणसाशी असे बोलू शकतो.

पण एवढ्यावरून कुणी असा अर्थ काढू नये, की सोसले म्हणजे उपचारक झालो. हा गैरसमज आज फोफावला आहे. नैराश्यातून, व्यसनातून, घटस्फोटाच्या धक्क्यातून बाहेर पडलेली माणसे दोन दिवसांचे शिबिर करतात आणि महिन्याभरात पाटी लावतात. त्यांची तळमळ खोटी नसते. पण जखम भरलेली नसेल, तर समोरच्या प्रत्येकात आपलीच जखम दिसू लागते. मला जे लागू पडले तेच तुलाही पडेल, असा हट्ट सुरू होतो. एरिक्सननी याच्या नेमके उलट केले. स्वतःच्या दुखण्यातून त्यांनी उत्तर उचलले नाही, पाहण्याची रीत उचलली. आठ वर्षांच्या शिक्षणाने तिला धार लावली आणि मग प्रत्येक रुग्णासाठी वेगळे उत्तर शोधले.

त्यांच्या कामाला उणी बाजूही आहे. त्यांनी लिहिलेल्या रुग्णकथा विलक्षण आहेत, पण कथा म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा इतरांनी, हल यांनी आखलेल्या मोजमापाच्या वाटेने जमवला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९५५ मध्ये आणि अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५८ मध्ये संमोहनाचा वैद्यकातला उपयोग मान्य केला. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल आणि सहकाऱ्यांनी औषधांना दाद न देणाऱ्या आतड्याच्या विकाराच्या तीस रुग्णांवर चाचणी घेतली. संमोहनोपचार घेतलेल्यांना ठळक फरक पडला आणि पुढे ब्रिटनच्या उपचारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत त्याला जागा मिळाली. वेदना, शस्त्रक्रियेपूर्वीची भीती, चिंता यांत त्याची मदत होते. हरवलेल्या आठवणी शोधण्यासाठी मात्र ते धोक्याचे आहे, कारण त्या अवस्थेत मन खोट्या आठवणीही तितक्याच खात्रीने रचते. मागच्या जन्मात नेऊन आणण्याचा जो व्यवसाय चालतो, त्याला शास्त्राचा काडीचा आधार नाही. भ्रम-भास होणाऱ्या गंभीर मनोविकारात तर मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय संमोहनाच्या वाटेला जाऊच नये.

आपल्या देशात डॉक्टरांची नोंदणी वैद्यक परिषदेकडे होते, चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे. संमोहनोपचारकासाठी अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. म्हणून उपचाराला जाणार असाल, तर आधी समोरच्याची मूळ पदवी आणि नोंदणी विचारा. संकोच करू नका, चांगला उपचारक या प्रश्नावर रागावत नाही. आणि स्वतः काही सोसून या क्षेत्रात यावेसे वाटत असेल, तर जरूर या, तुमच्यासारख्यांची इथे गरज आहे. पण आधी स्वतःवर रीतसर उपचार घ्या, मानसशास्त्राची किंवा वैद्यकाची पदवी पुरी करा आणि संमोहन त्यानंतर शिका.